विश्लेषण : पहिल्यांदाच स्कीइंगला जाताय? ‘ठिकाणे कमी, दिवस जास्त’ का हवे?

दिवाळीचा फराळ संपत आला, की मुंबई-पुण्यातल्या घरांमध्ये हिवाळी सहलीची चर्चा सुरू होते. पूर्वी बर्फ नुसता पाहायचा असे, आता अनेकांना त्यावर स्कीइंगही करायचे असते. सहलींच्या जाहिरातींतही ते दिसते. सहा दिवस, चार ठिकाणे आणि मध्येच कुठेतरी ‘स्कीइंगचा अनुभव’. विमानाचे तिकीट, हॉटेल, गरम कपडे आणि कार्यालयातली मोजकी रजा एवढे सगळे खर्चून हाती येतो तो तासाभराचा खेळ आणि एक फोटो. स्कीइंग खरोखर शिकायचे असेल, तर पहिल्या सहलीचे नियोजन उलट्या बाजूने करावे लागते. आधी शिकण्याचे दिवस ठरवायचे, मग ठिकाण.

एका तासात स्कीइंग का येत नाही?

स्कीचे बूट टणक प्लास्टिकचे असतात. ते नीट बसवणे, पट्ट्या आवळणे, बूट स्कीवर अडकवणे आणि सपाट बर्फावर चार पावले टाकणे, यातच नवख्याचा पहिला अर्धा तास जातो. मग पडायचे कसे आणि पडल्यावर उठायचे कसे, हे शिकावे लागते. त्यानंतर येतो ‘स्नोप्लाऊ’. यात दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची टोके लांब ठेवतात. त्यामुळे स्कीच्या आतल्या धारा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. नवख्याचा ब्रेक तो हाच.

यामागचे गणित सोपे आहे. सहा अंशांच्या उतारावर शरीराच्या वजनाचा सुमारे दहावा भाग खाली ओढत असतो. म्हणजे 70 किलोच्या माणसाला साधारण सात किलोंची ओढ. उतार 30 अंशांचा झाला, की हीच ओढ निम्म्या वजनाइतकी, म्हणजे 35 किलोंची होते. पहिल्या उतारावर चूक झाली तर माणूस बर्फात बसतो आणि हसतो. दुसऱ्या उतारावर ब्रेक लागला नाही, तर थांबवणारे कोणी नसते. म्हणून सौम्य उतारावर पुन:पुन्हा तेच ते करणे, हाच शिकण्याचा मार्ग आहे. साधारण तब्येतीच्या प्रौढाला थांबणे आणि दोन्ही बाजूंना वळणे अंगवळणी पडायला तीन ते चार दिवस सहज लागतात.

तासाभराच्या पॅकेजमध्ये यातले काहीच होत नाही. गाइड हात धरून थोडे वर नेतो, दोन-तीनदा खाली सोडतो, फोटो काढतो आणि पुढच्या पर्यटकाकडे वळतो. यात त्याचा दोष नाही. त्याच्याकडून विकत घेतलेला वेळच तेवढा असतो.

मग किती दिवस आणि कुठे?

सलग चार दिवस एकाच ठिकाणी, एकाच प्रशिक्षकाकडे, ही किमान अट धरावी. सात दिवस मिळाले तर उत्तम. भारतात यासाठी सरकारी संस्थांचे अभ्यासक्रम आहेत आणि पर्यटक नेमके त्यांच्याकडेच दुर्लक्ष करतात. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. उत्तराखंडमधील औली येथे गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेते. मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था जवळच्या सोलंग खोऱ्यात प्रशिक्षण देते. शुल्कात राहणे, जेवण आणि साहित्य यांपैकी काय धरले आहे, हे नोंदणीपूर्वी विचारून घ्यावे.

ठिकाण निवडताना प्रवास मोजावा. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटर उंचीवर, श्रीनगरपासून 50-55 किलोमीटरवर आहे. मात्र बर्फ जास्त पडला, की तंगमर्गच्या पुढचा घाट चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांनाच चढता येतो. औलीसाठी हरिद्वार किंवा ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत जवळपास पूर्ण दिवसाचा घाटरस्ता आहे. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करण्यात आला. तो सुरू आहे असे गृहीत धरून बेत आखू नये. सोलंग गाठायला सोपे, पण तिथे पर्यटकांची गर्दी मोठी. कुठेही गेले तरी पहिला दिवस उंचीची सवय होण्यासाठी आणि शेवटचा दिवस विमान रद्द झाले तर हाताशी असावा म्हणून मोकळा ठेवावा.

बर्फ नक्की कधी असतो?

काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा काळ मानला जातो. पण थंडी पडली म्हणजे बर्फ पडलाच, असे आता म्हणता येत नाही. जानेवारी 2024 मध्ये ऐन हंगामात गुलमर्गचे उतार कोरडे होते. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथे होणारा खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. औलीतही अपुऱ्या बर्फामुळे राष्ट्रीय स्पर्धांवर पाणी सोडावे लागले आहे. त्यामुळे नाताळच्या सुटीत जाऊन शिकण्याचा बेत हा जुगार ठरतो. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. तारीख बदलता येईल असेच तिकीट आणि हॉटेल घेणे थोडे महाग पडले, तरी शहाणपणाचे आहे.

स्की की स्नोबोर्ड?

स्कीमध्ये दोन पाय मोकळे असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी काहीतरी जमल्याचे समाधान लवकर मिळते. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात. पहिले दोन दिवस माणूस सतत बसतो किंवा गुडघ्यांवर पडतो. दुखापतीही वेगळ्या. स्कीमध्ये गुडघा जपावा लागतो, स्नोबोर्डमध्ये मनगट आणि माकडहाड. ज्याच्याकडे चारच दिवस आहेत, त्याने एकच काहीतरी निवडावे आणि शेवटपर्यंत तेच करावे. दोन्हींची चव घेण्याच्या नादात दोन्ही हुकतात.

गंडोलाचा वरचा टप्पा नवख्यांसाठी का नाही?

गुलमर्गचा गंडोला दोन टप्प्यांत चढतो. पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यावर जवळपास 3,950 मीटरपर्यंत. वरून दिसणारा देखावा पाहायला जरूर जावे, पण पायाला स्की बांधून नव्हे. तिथले उतार तीव्र आहेत आणि बराचसा भाग यंत्राने सपाट न केलेला, मोकळा डोंगर आहे. हिमस्खलने बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन पर्यटक, तर फेब्रुवारी 2024 मध्ये रशियाचा एक स्कीपटू दगावला. नवख्याची जागा खाली, गोल्फ मैदानाच्या परिसरातल्या सौम्य उतारांवर आहे. ‘वर चला, तिथे खरी मजा’ असे कोणी म्हटले, तर नाही म्हणता आले पाहिजे.

पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत?

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट भाड्यानेच घ्यावेत. बूट मात्र घाई न करता निवडावा. टाच आत उचलली जात असेल तर तो मोठा आहे. दोन जाड मोज्यांपेक्षा एकच पातळ लोकरी मोजा बरा. पाणी शिरणार नाही असे हातमोजे आणि अतिनील किरणे अडवणारा गॉगल स्वतःचा असावा. ताजा बर्फ बहुतेक अतिनील किरणे परावर्तित करतो, त्यामुळे डोळे आणि हनुवटीखालची त्वचाही भाजते. अंगालगत सुती कपडे नकोत, घामाने ओले झाले की तेच थंडी देतात.

वाचलेला पैसा प्रशिक्षकावर आणि विम्यावर घालावा. अनेक प्रवास विमा योजनांतून साहसी खेळ वगळलेले असतात, म्हणून अटी वाचाव्यात. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. पैसे देणे-घेणे मोबाइलवरच करणाऱ्यांनी थोडी रोकड जवळ ठेवावी. एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यात महाराष्ट्रातले सहा पर्यटक मारले गेले आणि त्यानंतर काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद होती. निघण्यापूर्वी प्रशासनाच्या ताज्या सूचना पाहणे हाही नियोजनाचाच भाग आहे.

सगळ्या कुटुंबालाच शिकायचे नसेल तर?

हा आक्षेप खरा आहे. आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन निघालेले कुटुंब आठवडाभर एकाच उतारावर थांबणार नाही, आणि थांबायलाही नको. त्यांच्यासाठी बर्फात खेळणे, स्लेजवर बसणे, गंडोलातून डोंगर पाहणे हीच पूर्ण सहल आहे. तिथे तासाभराच्या ‘स्कीइंग’साठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. शिकण्याची सहल मित्रांसोबत किंवा एकट्याने, वेगळी काढावी. दोन्ही एकत्र बसवण्याच्या प्रयत्नात कुटुंबाची सहलही दगदगीची होते आणि शिकणेही अर्धवट राहते.

तयारी मात्र घरूनच सुरू करता येते. सिंहगडावर नेमाने जाणाऱ्याला चढाईचा दम असतो, पण उतरताना मांड्या थरथरतात, हे त्यालाही ठाऊक असते. स्कीइंगमध्ये वाकलेल्या गुडघ्यांवर तोच ताण तासन् तास येतो. दोन महिने जिने उतरण्याचा आणि बैठकांचा सराव केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर उभे राहण्याची ताकद उरते. चौथ्या दिवशी स्वतःच्या पायांवर वळून, हव्या त्या जागी थांबता आले, की पहिली सहल वसूल झाली. सोनमर्ग आणि दूधपथरी पुढच्या वर्षीही तिथेच असतील.