सायलेन्सर सैल, जोर तेवढाच

माझा भाचा तुमसरचा. टर्बो पेट्रोल गाडी घेऊन वर्ष झालं नव्हतं, तोच त्याने मागचा सायलेन्सर काढून मोठ्या तोंडाचा, आतून जवळजवळ पोकळ असा सायलेन्सर बसवला. भंडाऱ्याजवळ वैनगंगेच्या पुलावरून गाडी नेताना म्हणाला, "मामाजी, बघा, पिकअप किती वाढला!" मला वाढलेला ऐकू आला तो आवाज. पिकअप होता तेवढाच होता. आता त्याला पुढची पायरी सुचवण्यात आली आहे: टर्बोला लागून असलेला डाउनपाइप रुंद करायचा आणि त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे बोलीतला 'कॅट', काढून टाकायचा. हा सल्ला मला खोडून काढायचा आहे. भाच्याची हौस मात्र मला मान्य आहे.

सल्ला देणारे म्हणतात की टर्बोला धूर बाहेर टाकायला मोकळी वाट हवी. हे अगदी खरं आहे, आणि ते आधी कबूल केलं पाहिजे. "थोडा दाब मागे राहिला तरच इंजिन ओढतं" असं जुनी मंडळी सांगतात. टर्बोच्या बाबतीत त्याला आधार नाही. इंजिनातून निघालेला तापलेला वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो, टर्बाइन त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर फिरवतं आणि कॉम्प्रेसर इंजिनात हवा ठासतो. टर्बाइनला किती जोर मिळेल हे त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांच्या गुणोत्तरावर ठरतं. पलीकडचा दाब कमी झाला की टर्बो लवकर फिरतो. सिद्धांतात खोट नाही.

खोट आहे ती जागेत. पलीकडचा दाब वाढवणारा मोठा अडथळा टर्बाइनच्या तोंडाशी, डाउनपाइप आणि कॅटमध्ये असतो. मागच्या सायलेन्सरपर्यंत पोचेस्तोवर वायू निवलेला असतो, त्याचं आकारमान घटलेलं असतं आणि त्याचे धक्के टर्बाइनने आधीच मोडलेले असतात. म्हणून मूळ सायलेन्सर काढून पदरात पडतं ते फार थोडं. भंडारा पितळी भांड्यांचं गाव. भांडं ठोकून त्याच्या नादावरून ते अखंड आहे की चिरलेलं, हे इथल्या बाजारात गिऱ्हाईकही ओळखतं. पण सायलेन्सरच्या नादावरून इंजिनाचा जोर ओळखता येत नाही. आवाज दाबणारं आतलं भरण काढलंय, एवढंच तो नाद सांगतो.

मग डाउनपाइप तर खरा उपाय झाला ना? इथे दुसरी गोष्ट आडवी येते. आजच्या गाडीत बूस्ट, म्हणजे ठासलेल्या हवेचा दाब, किती द्यायचा हे संगणक ठरवतो. वाट मोकळी झाली की ठरलेला बूस्ट लवकर गाठला जातो, आणि मग संगणक वेस्टगेट जास्त उघडून उरलेला वायू टर्बाइनला वळसा देऊन सोडतो. म्हणजे संगणकातली आकडेमोड बदलून रीमॅप केल्याशिवाय कमाल ताकद जवळजवळ तिथेच राहते. वेस्टगेट लहान असेल तर तो एवढा वायू सोडू शकत नाही आणि बूस्ट हाताबाहेर चढतो. मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरणारा टर्बोचा दांडा तेलाच्या एका पापुद्र्यावर तरंगत असतो. त्याला आणखी पळवण्याचा धोका कोणी पत्करावा?

पण माझा मुख्य आक्षेप यंत्राबद्दल नाहीच. जिथे थोडा लाभ आहे, तिथेच कॅट आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांच्या पातळ लेपावर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं विष उतरतं. तो काढला की चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि तो विझवायला सेन्सर फसवण्याची युक्तीही त्याच दुकानात मिळते. मग हे विषारी वायू टाकायचे कुठे? गाडीच्या मागे चाललेल्या सायकलवाल्या पोरीच्या तोंडावर. याला मी हौस म्हणणार नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावलं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्यावर गदा. हा दंड भंडाऱ्याच्या एम. एच. ३६ ला कोणी माफ केलेला नाही. साकोलीच्या पुढे महामार्ग नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यातून जातो, तिथे रात्री फटाक्यासारखे बार काढत जाणाऱ्या गाडीची मला लाज वाटते.

डिझेलवाले म्हणतील, आमचा धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो, म्हणून कापतो. गावोगावची बोलेरोही टर्बोच आहे, तेव्हा हा प्रश्न थोड्यांचा नाही आणि तक्रारही खोटी नाही. शाळा, बाजार, घर एवढ्याच फेऱ्यांत फिल्टर काजळीने भरतो, कारण ती जाळण्याइतका तो तापतच नाही. उपाय करवतीत नाही. भंडाऱ्याहून साकोलीपर्यंत एका लयीत गाडी न्या, काजळी जळून जाते. आपल्या दारातच महामार्ग आहे.

आणि ताकद? ती इथे कोण खातं ते पाहा. मे महिन्यात पारा ४५ वर जातो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ती हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. टर्बोला जास्त राबावं लागतं, ठासलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला उष्णता टाकायला जागा उरत नाही, आणि इंजिन ठोकू नये म्हणून संगणक ठिणगी उशिरा देतो. त्यात आपला जिल्हा धानाचा. मळणीच्या दिवसांत भुसा आणि धूळ पुढच्या जाळीतून आत जाते आणि इंटरकूलरच्या पापुद्र्यांत बसते. ती साफ करा, एअर फिल्टर वेळेवर बदला, पाइपांच्या क्लॅम्पमधून हवा गळते का बघा, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच तेल घाला, लांब पल्ल्यानंतर मिनिटभर गाडी चालू ठेवून मग बंद करा. गमावलेला जोर इथून परत मिळतो. त्याहून जास्त हवा असेल, शर्यतच लावायची असेल, तर कोइमतूरच्या करी स्पीडवेसारखा बंदिस्त ट्रॅक आहे, शर्यतीची वेगळी गाडी आहे. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

भाच्याने मूळ सायलेन्सर गोठ्यात, ढेपेच्या पोत्यांमागे ठेवला होता. गेल्या रविवारी आम्ही दोघांनी तो बाहेर काढून परत बसवला. मग पुढची जाळी सोडवली. इंटरकूलरमधून मूठभर भुसा निघाला. तो हातात घेऊन भाचा म्हणाला, "हा आपल्याच शेतातला दिसतो, मामाजी."