कचरा वेगळा न करणारे घर जात पाळते

पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ आणि सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात राज्याचे प्रमुख होते. आजही उमरखेड, महागाव, दिग्रसकडची माणसे बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला पुसदला येतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७३ हजारांच्या आसपास होती. त्यानंतर शेते एनए झाली, ले-आउट पडले, शहर चारी बाजूंनी पसरले. शहर वाढले की कचरा वाढणारच. पण हा वाढलेला कचरा कोणाच्या हातातून जातो आणि कोणाच्या दारात पडतो, हे निवडणुकीत कोणी विचारत नाही. ते आम्ही विचारतो आहोत.

आधी साधा हिशेब करू. माणशी रोजचा ३०० ग्रॅम कचरा धरला, तरी ७३ हजार लोकांचा रोजचा २२ टन होतो. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात जवळपास निम्मा ओला असतो: भाजीचे देठ, साली, उष्टे अन्न. त्याचे खत होते. कागद, पुठ्ठा, बाटल्या, लोखंड भंगारात विकले जाते. मग शहराबाहेर डोंगर कशाचा उभा राहतो? तो उभा राहतो सगळे एकाच बादलीत टाकण्याच्या सवयीतून. उष्ट्या भातात फुटलेली काच, पॅड, ब्लेड, इन्सुलिनची सुई. एकदा हे मिसळले की पुन्हा वेगळे करायला माणसाचा हात लागतो.

तो हात कोणाचा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असते. म्हणूनच तर ते बिनधास्त मिसळले जाते. 'उचलणारा आहे ना' या तीन शब्दांत अख्खी मनुस्मृती आहे. जो आपली घाण स्वतः वेगळी करत नाही, तो ती हाताळण्यासाठी दुसरी माणसे जन्माला आली आहेत असे गृहीत धरतो. तोंडाने तो समतेवर कितीही बोलो, त्याची बादली जात पाळते.

'कचऱ्यात कशाला जात आणता?' असे आम्हाला विचारले जाते. जात आम्ही आणलेली नाही. गटारे आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद केंद्र सरकारने 'नमस्ते' योजनेत केली. २०२४ मध्ये बाहेर आलेल्या त्या आकड्यांत ९२ टक्के कामगार अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींचे होते. एकट्या अनुसूचित जातींचे ६९ टक्के. हे सरकारचेच आकडे आहेत. स्वच्छ भारत अभियानाने २०१४ मध्ये चिन्ह म्हणून गांधींचा चष्मा घेतला, पण त्या चष्म्यातून झाडू दिसतो, झाडू धरणाऱ्याची जात दिसत नाही. सफाईला पुण्यकर्म म्हणून गौरवण्यावर बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात कठोर टीका केली. या देशात माणूस कामामुळे नव्हे, जन्मामुळे भंगी ठरतो, हे त्यांनी तिथे मांडले. कामाचा गौरव करून जन्माची बेडी तुटत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच वस्तीतून येतो. 'आपण मेलेली ढोरे ओढणे सोडले, घाणीची कामे सोडली. आता तो मेहतरांचा, मातंगांचा प्रश्न.' साथींनो, हीच श्रेणीबद्ध विषमता आहे. एक पायरी वर चढल्यावर खालच्या पायरीकडे पाठ फिरवणे हा आंबेडकरवाद नव्हे. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला, तो याच लोकांसाठी.

आता आरोग्याचे पाहू. पावसाळा आला की डेंग्यू येतो आणि धुराची मशीन गल्लीतून फिरते. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: फेकलेला कप, जुना टायर, करवंटी, आणि नळ रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेला ड्रम. धुराने उडते डास मरतील, कपातल्या अळ्या मरत नाहीत. साचलेला मिश्र कचरा सडतो, त्याचे काळे पाणी जमिनीत आणि विहिरीत झिरपते. नाल्यात गेलेले पूस नदीत आणि पुढे पैनगंगेत जाते. प्लास्टिक जळते तेव्हा विषारी धूर सुटतो. दवाखान्याची सुई घंटागाडीत आली तर हातमोजा नसलेल्या कामगाराला कावीळ ब चा धोका. दवाखान्याचा कचरा घरगुती कचऱ्यात मिसळायला २०१६ च्या नियमांनीच बंदी घातली आहे.

धूर कुठे जातो, हे मुंबईने दाखवले आहे. देवनारचे डम्पिंग १९२७ पासूनचे. त्याच वर्षी महाडला आपण चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. पुढे त्या ढिगाऱ्याभोवती दलित आणि मुस्लिम गरिबांच्या वस्त्या वसत गेल्या. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली आणि त्या वस्त्या कित्येक दिवस धुरात राहिल्या. पूर्वी महारवाडा गावकुसाबाहेर होता. आज गावकुसाबाहेर डेपो असतो आणि त्याच्या कडेला पुन्हा आपलीच माणसे.

पण लढून मिळते, हेही महाराष्ट्रानेच दाखवले. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी कामगारांची लढाई न्यायालयात नेली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. पुण्यात कचरावेचक बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली. त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. उकिरड्यावर वाकणारी बाई ओळखपत्र घेऊन दारावर आली. ही कोणाची मेहेरबानी नव्हती, संघटनेची ताकद होती.

पुसदमध्ये आमच्या मागण्या सरळ आहेत. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा झाला पाहिजे, आणि तो वेगळाच उचलला गेला पाहिजे. ओल्या कचऱ्याचे खत प्रत्येक प्रभागात व्हावे, बंगल्यांच्या ले-आउटमध्येसुद्धा. ज्याचा कचरा त्याच्याच प्रभागात. सफाई कामगाराला किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, मजुरीची पावती, हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट आणि कावीळ ब ची लस मिळाली पाहिजे. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे नगर परिषदेची, असे कामगार कायदा सांगतो. कचरावेचकांना ओळख देऊन व्यवस्थेत सामावून घ्यायला २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितले होते.

तरुणांनी यासाठी मोर्च्याची वाट पाहू नये. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कंत्राट कोणाला, किती रुपयांचे, कामगार किती, त्यांचा निधी कोणत्या महिन्यापर्यंत भरला, साहित्य कधी वाटले, ही माहिती ३० दिवसांत मागा. मिळालेली उत्तरे बुद्धविहारात सगळ्यांसमोर वाचा, आणि त्या दिवशी सफाई कामगारांना बोलवा, मग ते कोणत्याही जातीचे असोत. जयंतीच्या मंडळांनी मिरवणुकीचा कचरा वेगळा करून, स्वतः उचलून रस्ता सोडावा. आणि आज संध्याकाळी आपल्या घरात दोन बादल्या आणि एक डबा ठेवा. जातिअंताची भाषा बोलणाऱ्या घरात एवढे तरी दिसलेच पाहिजे.

जय भीम! जय संविधान!