घर त्यांचे, जमीन आपली



आपली पहिली पिढी या देशात आली तेव्हा महिनाअखेरीस घरभाड्याची जुळवाजुळव करणे हीच तिची मोठी चिंता होती. आता चित्र पालटले आहे. आपल्यातील अनेक डॉक्टर, अभियंते आणि संगणकतज्ज्ञ निवृत्तीसाठी बाजूस काढलेला पैसा स्थावर मालमत्तेत गुंतवू लागले आहेत, आणि त्या बोलण्यात मोबाइल होम पार्कचे नाव वरचेवर ऐकू येते. चार-सहा मित्रांनी मिळून भाग घ्यायचा, व्यवस्थापन एखाद्या कंपनीवर सोपवायचे आणि दर तिमाहीस येणारा चेक तेवढा पाहायचा, अशी ही रीत आहे. त्या चेकमागे भाडेवसुली असते आणि वसुलीमागे थकबाकीची नोटीस असते. ती कोणाच्याही सहीने निघो, जाते ती आपल्या वतीने. म्हणून यंदाचे संपादकीय या एका कागदाविषयी लिहावे असे आम्ही ठरविले.

मोबाइल होम हे नावच मुळी फसवे आहे. कारखान्यात बांधून चाकांवर आणलेले हे घर एकदा पार्कातील जागेवर बसले, पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या जोडण्या झाल्या, पायऱ्या व ओसरी लागली, की ते सहसा हलत नाही. १५ जून १९७६ पासून या घरांच्या बांधणीस केंद्र सरकारची मानके लागू झाली आणि तेव्हापासूनच्या घरांना कायदा मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतो. लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. हलवायचे म्हटले तर हजारो डॉलरांचा खर्च, आणि फार जुने घर पुष्कळदा दुसरे पार्क स्वीकारीतच नाही. घर रहिवाशाच्या मालकीचे, त्याखालची जमीन दुसऱ्याची, असा हा विलक्षण संबंध आहे. सदनिकेतील भाडेकरूस बाहेर काढले तर तो आपले सामान घेऊन जातो. येथे सामान म्हणजे घरच, आणि ते उचलून नेता येत नाही. एक-दोन महिन्यांच्या थकलेल्या जागाभाड्यापायी आयुष्याची पुंजी मिळेल त्या किमतीस विकण्याची पाळी येते, आणि पुष्कळदा विकत घेणारा पार्कचा मालकच असतो.

कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेतील मोबाइल होम रहिवाशांविषयीचा कायदा ही अडचण ओळखूनच केलेला आहे. त्यातील कलम ७९८.५६ प्रमाणे, देय तारखेपासून भाडे किमान पाच दिवस थकल्याखेरीज नोटीस देताच येत नाही. त्यानंतर तीन दिवसांची लेखी नोटीस द्यावयाची: रक्कम भरा अथवा जागा सोडा. तिच्यासोबतच करार संपविण्याची साठ दिवसांची सूचनाही देता येते. मात्र त्या तीन दिवसांत पूर्ण रक्कम भरली गेली तर करार टिकून राहतो. नोटिशीची प्रत दहा दिवसांच्या आत घराच्या नोंदणीकृत मालकास आणि घरावर कर्ज देणाऱ्यास टपालाने पाठवावी लागते, व कर्ज देणाऱ्यास तीस दिवसांत थकबाकी भरून घर वाचविण्याची संधी मिळते. नोटीस हातात द्यावी. माणूस नसेल तर घरातील जाणत्या व्यक्तीकडे देऊन शिवाय टपालाने पाठवावी. तेही शक्य नसेल तरच दाराला लावून टपालाने पाठवावी.

याच कायद्यातील आणखी एक बाब गुंतवणूकदारांच्या नजरेतून बहुधा सुटते. गेल्या बारा महिन्यांतील ही कितवी नोटीस आहे, हे प्रत्येक नोटिशीवर ठळक टाइपात छापावे लागते. अशा तीन नोटिसा बारा महिन्यांत झाल्या, की पुढच्या थकबाकीच्या वेळी तीन दिवसांची संधी देण्याचे बंधन मालकावर राहत नाही. म्हणजे नोटीस ही केवळ आठवण नव्हे, तिची मोजदाद होते. सात तारखेस संगणकातून यादी काढून सरसकट सर्वांच्या दारी कागद लावणारा व्यवस्थापक स्वतःस तत्पर समजत असेल. आमच्या मते ते नाडी न पाहता प्रत्येक तापकऱ्यास एकच गोळी देण्यासारखे आहे. सलग तीन महिने थोडे उशिरा पैसे भरणारी वृद्धा आणि मुद्दाम भाडे बुडविणारा इसम, दोघेही त्या यादीत एकाच ओळीत येतात.

राज्याराज्यांत मुदती निराळ्या आहेत. फ्लोरिडात लेखी मागणीनंतर पाच दिवस, टेक्सासमध्ये दहा, वॉशिंग्टन राज्यात २०१९ पासून चौदा, तर न्यूयॉर्क राज्यात त्याच वर्षीच्या सुधारणेपासून तीस. आपले पार्क जेथे असेल तेथील नियम तेथील वकिलाकडूनच समजून घ्यावेत.

परंतु कायद्याचे दिवस आणि माणसाच्या मिळकतीचे दिवस जुळतातच असे नाही. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन बहुतेकांस जन्मतारखेप्रमाणे महिन्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या बुधवारी मिळते. ज्यांचा जन्म १ ते १० तारखांमधला, त्यांचे पैसे दुसऱ्या बुधवारी, म्हणजे ८ ते १४ तारखांच्या दरम्यान येतात. भाडे देय १ तारखेस, नोटीस ७ तारखेस, आणि पैसे कदाचित १४ तारखेस! अशा माणसाने भाडे बुडविले असे म्हणावे काय? आमच्या दवाखान्यात मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिनची मात्रा आपल्याच मनाने निम्मी करून येतो, तेव्हा आम्ही साखरेच्या आकड्याबरोबर घरभाड्याचीही चौकशी करतो. उत्तर पुष्कळदा तेथेच सापडते. देय तारीख लेखी कराराने १५ केली तर अशा कित्येक नोटिसा मुळात काढाव्याच लागणार नाहीत, आणि मालकाचा एक डॉलरही बुडणार नाही.

भाडे माफ करा असे आम्ही सांगत नाही. पार्कच्या जलवाहिन्या, सांडपाणी, रस्ते आणि बँकेचे हप्ते यांस पैसा लागतो. बुडव्यांचा भार अखेर नियमाने भरणाऱ्या शेजाऱ्यांवरच पडतो. नोटीस अवश्य द्यावी, पण चोख द्यावी. देण्यापेक्षा अधिक रक्कम मागितली म्हणून कॅलिफोर्नियातील न्यायालये नोटीस रद्द ठरवितात. नोटिशीनंतर अर्धवट रक्कम स्वीकारली तर प्रकरण बिघडू शकते, म्हणून वकिलास विचारल्याविना ती घेऊ नये. आणि थकबाकीदारास हुसकावण्यासाठी पाणी किंवा वीज तोडणे हा तर कायद्याचा उघड भंग होय. पाणी तोडण्याचा अर्थ आपल्या वाचकांस आम्ही समजावून सांगावा काय?

जमीन एकाची आणि घाम दुसऱ्याचा हा व्यवहार आपणास नवा नाही. कोकणातील खोतीत खोताचा शब्द हाच हिशेब असे. किती दिले, किती राहिले याचा कागद कुळाच्या हाती क्वचितच पडे. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. खोती कायद्याने संपविली गेली ती पुढे १९४९ च्या कायद्याने. पार्कचा मालक म्हणजे खोत नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही रक्कम, तारीख आणि मुदत स्वच्छ लिहिलेला कागद दुर्बळाच्या हाती पडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबांनी असा कागद कधी पाहिला नाही त्यांना अधिक कळावे.

ज्या सभासदांचे अशा पार्कात भाग आहेत त्यांनी आपल्या व्यवस्थापकाकडून गेल्या बारा महिन्यांत काढलेल्या नोटिशींची यादी मागवावी. कोणास कितवी नोटीस गेली, ती हातात दिली की दाराला लावली, आणि त्यापूर्वी एखादा फोन तरी झाला होता काय, हे तीत पाहावे. पार्कात स्पॅनिश भाषिक रहिवासी पुष्कळ असतात. इंग्रजी नोटिशीसोबत स्पॅनिश प्रतही जाते काय, हेही विचारावे. व्यवस्थापन कंपनीबरोबरच्या करारात मालकांना ही माहिती मिळण्याची तरतूद नसेल, तर कराराचे नूतनीकरण होईल तेव्हा ती घालून घ्यावी.

— संपादक