भूतानचा वाटाड्या, नाणेघाटाचा रांजण

पुणे, प्रतिनिधी : शिवनेरीसह बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जुलै २०२५ मध्ये झाला आणि जुन्नर तालुक्याच्या पर्यटनाची चर्चा नव्याने सुरू झाली. राज्य शासनाने २०१८ मध्येच जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला होता. मात्र या दर्जानंतर येणाऱ्या गर्दीचे नियोजन कसे करायचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला आहे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर श्रावणात वाहनांच्या रांगा लागतात, तेव्हा तोच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो.

या संदर्भात भूतानचे उदाहरण तपासून पाहण्यासारखे आहे. या हिमालयीन देशाने १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांना दारे उघडली, ती मोजून-मापूनच. पर्यटक कमी असावेत, पण त्यांच्यापासून मिळणारे उत्पन्न अधिक असावे, हे तेव्हापासूनचे धोरण. पाश्चात्त्य पर्यटकाला दररोजचे किमान शुल्क भरून, परवानाधारक मार्गदर्शकासोबतच फिरावे लागे. भारतीयांना मात्र दीर्घकाळ मोकळीक होती. २०१९ मध्ये भूतानमध्ये ३ लाख १५ हजारांहून अधिक पर्यटक आले. त्यांत सर्वाधिक भारतीय होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातील एक दुचाकीस्वार दोचुला खिंडीतील स्मारकस्तूपावर चढून उभा राहिला. त्याचे छायाचित्र प्रसिद्ध होताच भूतानमध्ये संतापाची लाट उसळली आणि पोलिसांनी त्याची चौकशी केली. २००३ च्या लष्करी कारवाईत मृत्युमुखी पडलेल्या सैनिकांच्या स्मृत्यर्थ तेथे १०८ स्तूप उभारण्यात आले आहेत. आपल्याकडील बुरुजांवर चढून छायाचित्रे काढण्याची सवय सीमेपलीकडे गेली, एवढाच त्याचा अर्थ.

साथीच्या काळात बंद झालेल्या सीमा सप्टेंबर २०२२ मध्ये उघडल्या, तेव्हा भारतीयांनाही प्रतिरात्र १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क लागू झाले आणि थिंफू व पारोबाहेर जाण्यासाठी मार्गदर्शक बंधनकारक ठरला. इतर देशांच्या पर्यटकांसाठी हे शुल्क २०० डॉलर ठेवण्यात आले. हॉटेलचालकांनी कुरकुर केली, पर्यटक रोडावले आणि वर्षभरातच, सप्टेंबर २०२३ पासून, ते निम्म्यावर आणावे लागले. म्हणजे भूतानचे सारेच काही आदर्श, असे मानण्याचे कारण नाही.

शिवाय शुल्काची ही पद्धत जुन्नरला जशीच्या तशी लावता येणार नाही आणि लावूही नये. शिवजन्मस्थळाच्या दर्शनाला येणाऱ्या शेतकऱ्याकडून किंवा भीमाशंकरच्या भाविकाकडून प्रतिरात्र शुल्क मागणे कोणालाही रुचणार नाही. घेण्यासारखी गोष्ट आहे ती वाटाड्याची.

पुणे जिल्ह्यात सध्या दोनच टोके दिसतात. एरवी सर्वांना सर्वत्र मुक्तद्वार आणि दुर्घटना घडली की मनाई आदेश. जून २०२४ च्या अखेरीस भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. जून २०२५ मध्ये कुंडमळा येथे इंद्रायणीवरील पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. अशा घटनांनंतर धबधबे, धरणे आणि गडांच्या परिसरात निर्बंध येतात, पोलीस उभे राहतात. पावसाळा सरला की सारे पूर्ववत. मनाईमुळे पर्यटक शहाणा होत नाही आणि चहा-भाकरीवर चार पैसे मिळवणाऱ्या गावकऱ्याचा हंगाम मात्र बुडतो.

मधला मार्ग राज्याला अपरिचित आहे असेही नाही. ताडोबाच्या सफारीत प्रत्येक वाहनात नोंदणीकृत मार्गदर्शक असावाच लागतो. कास पठारावर फुलांच्या हंगामात दररोज तीन हजार पर्यटकांची मर्यादा आहे आणि तेथील व्यवस्था परिसरातील गावांच्या समितीकडे आहे. मग नाणेघाटालाच हे का नको? सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख असलेली तेथील लेणी, जीवधनची अवघड वाट, धुक्यात न दिसणारा कडा या सगळ्याची माहिती घाटघरच्या माणसाइतकी कोणाला असणार? दोन हजार वर्षांपूर्वी याच घाटमाथ्यावर व्यापाऱ्यांकडून जकात घेतली जाई, असे सांगणारा दगडी रांजण आजही तेथे आहे. वाटेचा मोबदला ही कल्पना या डोंगराला नवी नाही.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. उन्हाळ्यात हिरडा, पावसाळ्यात भात आणि उरलेल्या काळात मजुरी, असे येथील अर्थकारण. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याच्या झाडांचे मोठे नुकसान झाले. डोंगर किती नाजूक आहे हे आंबेगावातील माळीणने ३० जुलै २०१४ रोजी दाखवून दिलेच आहे. त्यामुळे येथे रिसॉर्ट आणि रुंद रस्ते आणण्यापूर्वी शंभरदा विचार व्हायला हवा. मार्गदर्शकाला ना डोंगर फोडावा लागतो, ना झाड तोडावे लागते. या पट्ट्यात पेसा कायदा लागू असल्याने ग्रामसभेला विचारात घेऊनच अशी योजना आखावी लागेल, आणि ते योग्यही आहे. ठेका बाहेरच्या कंपनीला देऊन गावच्या मुलांना वाहनतळाच्या पावत्या फाडायला बसवायचे, हा अनुभव अन्यत्र पुरेसा आला आहे.

आरंभ मोठा असण्याची गरज नाही. नाणेघाटासाठी घाटघर आणि आहुपे घाटासाठी आहुपे, एवढी दोन गावे पुरे. तेथील तरुणांना प्रथमोपचार, दोरकाम आणि इतिहासाचे प्रशिक्षण, ओळखपत्र, ठरलेला दर आणि दिवसाला किती पर्यटक सोडायचे याची मर्यादा, इतकेच ठरवायचे आहे. पर्यटकांची झुंबड उडते ती ऑगस्ट-सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी. तोपर्यंत भातलावणी उरकलेली असते आणि गावातले हात कामाच्या शोधात नारायणगावच्या बागायती पट्ट्याकडे निघालेले असतात.