दुसरा प्रश्न कोण विचारणार?

धांदरट, वेंधळा, आरंभशूर, बेजबाबदार ही विशेषणे माझ्या मावसभावाला शाळेत असल्यापासून चिकटलेली होती. घरात आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. दादा हुशार, पण पायाला भिंगरी आणि हाती घेतलेले प्रत्येक काम अर्ध्यावर. दहावीच्या परीक्षेला तो हॉल तिकीट घरीच विसरून गेला आणि मावशीने रिक्षा करून ते शाळेच्या फाटकाशी पोचवले, ही कथा आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जाते. सारे हसतात, दादाही हसतो.

दोन नोकऱ्या गेल्यावर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एका इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितले की हा दोष स्वभावाचा नसून अवधानाचा आहे. त्याला एडीएचडी म्हणतात आणि तो लहानपणापासून असतो. घरात सर्वांना एकदम हायसे वाटले. गोळ्या सुरू झाल्या, भिंतीवर भले मोठे कॅलेंडर लागले. पुढच्या काही महिन्यांत मात्र दादा हळूहळू मिटत गेला. फोन उचलेना, मित्रांकडे जाईना, ताटावर बसला तरी दोन घास खाऊन उठे. मी मावशीला विचारले तर ती म्हणाली, "अगं, त्याचा तो आजारच आहे ना!" डॉक्टरही तेच म्हणाले. आजाराला एकदा नाव मिळाले आणि त्या एका नावाच्या पोटात सगळेच मावू लागले.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला येथे जे मांडायचे आहे ते एवढेच. प्रौढ माणसाला एडीएचडी आहे असे ठरले की चिंता आणि नैराश्य यांची चौकशी त्याच बैठकीत व्हावी, पुढेही अधूनमधून व्हावी, आणि ती समोरासमोर बसून व्हावी.

ही चौकशी राहून का जाते, याला थोडा इतिहास आहे. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञांनी १९०२ साली लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली, तेव्हापासून हा विषय मुलांच्या दवाखान्यातच राहिला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९६८ सालच्या निदानपुस्तिकेत तर तो पौगंडावस्थेत ओसरतो असे म्हटले होते. प्रौढांसाठी लक्षणांची अट थोडी सैल झाली ती २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत. म्हणजे मोठ्या माणसांचे डॉक्टर हा आजार शिकलेच उशिरा, आणि मुलांच्या डॉक्टरांपुढे तिशीतला उदास माणूस कधी बसला नाही.

आकडे काय सांगतात? अमेरिकेत १८ ते ४४ वयाच्या लोकांची एक मोठी पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. शंभरांत सुमारे चार जणांना प्रौढ वयात एडीएचडी आढळला. त्यांतल्या सुमारे ४७ टक्के लोकांना त्याच वर्षात कोणता ना कोणता चिंताविकार होता आणि सुमारे ३८ टक्क्यांना नैराश्यासारखा भाववृत्तीचा विकार. एडीएचडी नसलेल्यांच्या मानाने ही प्रमाणे दुपटीहून अधिक आहेत. अमेरिका वेगळी आणि आपण वेगळे, हे मान्य. पण ही दोन दुखणी एकत्र का नांदतात हे कळायला मला परदेशी जावे लागले नाही. पंधरा-वीस वर्षे रोज कोणीतरी 'तुझ्याच्याने काही व्हायचे नाही' असे सांगत राहिले तर माणसाच्या मनात काय साठत असेल?

चिंतेचा प्रकार तर याहून गमतीचा, म्हणजे पाहणाऱ्याला गमतीचा. दादा एसटी चुकू नये म्हणून दोन दोन तास आधी स्थानकावर जाऊन बसतो. लोकांना वाटते, सुधारला बरे का! प्रत्यक्षात तो भीतीच्या जोरावर वेळ पाळत असतो. दाराचे कुलूप तीनदा पाहतो, पाकीट दहादा चाचपतो. ही कुबडी आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. त्यातून या आजारावरच्या काही उत्तेजक औषधांनी काहींची धडधड आणि अस्वस्थता वाढते. उलट, कामे वेळेवर होऊ लागल्यामुळे काहींची चिंता उतरतेही. आपला माणूस यांपैकी कोणता, हे औषधाच्या आधी आणि नंतर विचारल्याखेरीज कसे कळणार?

आता प्रश्नावल्यांविषयी. नैराश्याची 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते ३ गुण. बेरीज १० किंवा अधिक झाली की पुढे तपासावे असा संकेत. चिंतेसाठी सात प्रश्नांची 'जीएडी-७' ही २००६ सालची. दोन्ही साध्या आहेत, पाच मिनिटांत होतात. पण एडीएचडी असलेल्या माणसापुढे त्या ठेवल्या की पंचाईत होते. पहिलीत झोपेबद्दल विचारले आहे, वाचनात लक्ष लागते का असे विचारले आहे, चुळबुळीबद्दल विचारले आहे आणि आपण अपयशी आहोत असे वाटते का हेही विचारले आहे. या चारही प्रश्नांना दादाने दहाव्या वर्षीसुद्धा 'जवळजवळ रोज' असेच उत्तर दिले असते. चार त्रिक बारा! नैराश्य नसतानाही गडी रेषेपलीकडे. दुसऱ्या प्रश्नावलीतही एका जागी बसवत नाही इतकी अस्वस्थता हा प्रश्न आहेच.

यातून दोन चुका संभवतात. एक डॉक्टर बेरीज पाहून फक्त नैराश्याचे औषध देतो आणि मूळचा अवधानदोष तसाच राहतो. दुसरा म्हणतो, ही बेरीज एडीएचडीचीच आहे, सोडून द्या. दादाच्या वाट्याला हा दुसरा आला.

मग मावशीने त्याला दुसऱ्या शहरातल्या एका बाईंकडे नेले. सोबत म्हणून मीही गेले होते. त्यांनी कागद पुढे केला नाही. प्रश्नावली त्यांनी स्वतः वाचली, सावकाश, आणि प्रत्येक उत्तरामागे एकच जादा प्रश्न जोडला. "हे कधीपासून?" दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "विसरणं पहिलीपासून आहे. पण हे काहीच करावंसं न वाटणं... हे दिवाळीपासून." माझ्या मते साऱ्या चाचणीचे सार त्या उत्तरात होते. अवधानदोष जन्माचा सोबती असतो. त्याची चिन्हे बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. नैराश्य बहुधा मधेच केव्हातरी येते आणि माणूस त्याच्या नेहमीच्या स्वतःपेक्षा वेगळा होतो. म्हणूनच त्या नऊ प्रश्नांतले पहिले दोन, गोडी उरली आहे का आणि मन खिन्न आहे का, अशा माणसाच्या बाबतीत अधिक कान देऊन ऐकावेत. आणि नववा, जगणे नकोसे वाटते का हा, कधीही गाळू नये. दादाने त्याचे उत्तर आम्हा दोघींना बाहेर बसवून दिले. ते काय होते हे मावशीला नंतर कळले. मी विचारलेले नाही.

कागदाबद्दल आणखी एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ज्याला फॉर्म भरणे हीच जन्माची शिक्षा आहे, त्याला आपण फॉर्म देतो! तो अर्धा भरतो, उरलेला घरी नेतो, आणि तो कुठे ठेवला हे विसरतो. मग नोंद होते, 'रुग्णाने सहकार्य केले नाही.'

कोणी म्हणेल, हल्ली ज्याला त्याला लेबल लावायची खोडच लागली आहे. हे अगदीच खोटे नाही. आमच्याच वर्गात एक तास कंटाळवाणा झाला की तिघांना एडीएचडी होतो. पण चाचणी म्हणजे निदान नव्हे, ती फक्त चाळणी आहे. खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला छळतो. चाळून काढलेल्या माणसाला पाठवायचे कुठे? अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०१६ साली सर्व प्रौढांची नैराश्यासाठी चाळणी करण्याची शिफारस केली, तीही पुढच्या निदानाची आणि उपचारांची सोय असावी अशी जोड देऊनच. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ शहरांत एकवटलेले. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या मुलाने तिकडे जायचे तर एक दिवसाचे काम आणि भाडे दोन्ही जाते. तरीही अगदीच काही नाही असे नाही. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

आपल्या महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळी सर्वांकडून एक 'स्वास्थ्य-पत्रक' भरून घेतले जाते. वर रोल नंबर लिहायचा असतो, त्यामुळे शहाणी मुले सगळीकडे शून्य लिहितात. मी स्वतः तेच केले. पत्रकांचे पुढे काय होते म्हणून चौकशी केली तेव्हा ती कपाटात असल्याचे कळले. गठ्ठ्यांवरची सुतळी कोणी सोडलेली नव्हती.

मी विभागाकडे अर्ज दिला आहे. सर्वांची पत्रके राहू द्यात. ज्या मुलामुलींना अवधानदोष असल्याचे आधीच ठाऊक आहे आणि जे स्वतःहून येतील, त्यांच्याशी सत्रातून एकदा, दार लावून, वीस मिनिटे कोणीतरी बोलावे. कागद विचारणाऱ्याच्या हातात असावा. 'कधीपासून?' हा प्रश्न विचारावा, आणि कोणी नवव्या प्रश्नाला 'हो' म्हणाले तर त्याच दिवशी सोबत कोण जाणार हे आधी ठरलेले असावे. सरांनी अर्ज वाचला. खोली मिळेल, म्हणाले. बसणार कोण, ते अजून ठरायचे आहे.