अळंबी आणि शिंगाडा : पौष्टिकतेचा हिशेब

वाचकहो, अळंबी अधिक पौष्टिक की शिंगाडा, हा प्रश्न गृहिणींच्या बोलण्यात वरचेवर येतो. अळंबी म्हणजे शाकाहारी माणसाचे मांस, असे एक सांगते. शिंगाडा म्हणजे उपवासाचे पूर्णान्न, असे दुसरी म्हणते. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे, परंतु मुलांच्या वाढीचा आणि महिन्याच्या खर्चाचा मेळ घालणाऱ्या घराला अंशावर भागत नाही. म्हणून आपण हा हिशेब नीट मांडून पाहू.

प्रथम नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. इंग्रजीत ‘वॉटर चेस्टनट’ हा एकच शब्द दोन वेगळ्या वनस्पतींसाठी वापरतात. चिनी स्वयंपाकात डबाबंद मिळणारा पदार्थ हा लव्हाळ्याच्या जातीच्या एका वनस्पतीचा कंद होय. आपला शिंगाडा हे पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचे शिंगे असलेले फळ. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांत ढिवर समाजातील कुटुंबे त्याचे पीक घेतात, आणि दिवाळीच्या सुमारास उकडलेले काळे शिंगाडे विदर्भातील बाजारांत दिसू लागतात. परदेशी तक्त्यातील आकडे आपल्या शिंगाड्याला लावले, तर हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो.

अळंबी तर फळही नव्हे आणि भाजीही नव्हे. ती बुरशीच्या कुळातली. तिच्या लागवडीच्या इतिहासात म्हैसूरचे नाव आदराने घ्यावे लागते. ज्या शहराच्या कडेला हेब्बाळचा तलाव आणि औद्योगिक वसाहत आहे, त्याच शहरात १९५० साली चेलुवांबा राजवाड्यात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तेथील झकिया बानो आणि एच. सी. श्रीवास्तव यांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी वाढविण्यासंबंधीचा आपला अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध केला. पेंढा भिजवावा, गरम पाण्याने निर्जंतुक करावा, निथळून त्यात अळंबीचे बियाणे थराथराने पेरावे आणि दमट, सावलीच्या जागी ठेवावे, इतकी ही रीत साधी आहे. तीन-चार आठवड्यांत पहिला तोडा मिळतो. ज्या पेंढ्याला एरवी गुरांच्या दावणीपलीकडे मोल नसते, त्यातून माणसाचे अन्न निघावे, ही गोष्ट लहान नव्हे.

आता आकड्यांकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ताज्या अळंबीत सुमारे ८८ ग्रॅम पाणी, ३ ग्रॅम प्रथिने, ४ ग्रॅम कर्बोदके आणि ४३ उष्मांक असतात. तितक्याच ताज्या शिंगाड्यात पाणी ७० ग्रॅम, प्रथिने ४.७ ग्रॅम, कर्बोदके २३ ग्रॅम आणि उष्मांक ११५ असतात. जात आणि जमीन यांप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात. तरी वजनास वजन धरले, तर ‘मांसासमान’ म्हटल्या जाणाऱ्या अळंबीपेक्षा शिंगाड्यातच प्रथिने जास्त ठरतात!

मग अळंबीची कीर्ती खोटी काय? तसे नाही. पाणी वजा करून पाहिले, तर अळंबीच्या कोरड्या भागात शेकडा २७ प्रथिने निघतात, शिंगाड्याच्या कोरड्या भागात शेकडा १६. परंतु अळंबीतील काही नत्र तिच्या कठीण पेशीभित्तिकेत अडकलेला असतो, म्हणून खरा आकडा थोडा खाली येतो. शिवाय आपण अळंबी कोरडी करून मूठमूठ खात नाही. २०० ग्रॅम ताज्या अळंबीतून जेमतेम ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि तितकी प्रथिने एका अंड्यात किंवा २५ ते ३० ग्रॅम तुरीच्या डाळीत असतात. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी डाळीचा डबा आठवावा.

अळंबीचे खरे गुण निराळे आहेत. उष्मांक थोडे, मीठ अल्प, पोटॅशियम पुरेसे. ‘ब’ गटातील रायबोफ्लेविन आणि नायसिन ही जीवनसत्त्वे चांगल्या प्रमाणात. चिरलेली अळंबी काही वेळ उन्हात ठेवल्यास तिच्यात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. वजन आटोक्यात ठेवणाऱ्यास आणि मधुमेही व्यक्तीस ती सोयीची. उलट शिंगाड्याचे बळ त्याच्या पिष्टात आहे. श्रम करणाऱ्यास आणि वाढत्या मुलास तो आधार देतो. गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्यांना त्याचे पीठ चालते. मात्र मधुमेही माणसाने ते भाकरी-भाताच्या हिशेबातच धरावे. उपवासाच्या दिवशी शिंगाड्याच्या थालीपिठाबरोबर दही, दूध किंवा दाण्याची आमटी घेतली, तर प्रथिनांची उणीव भरून निघते.

आता सर्वांत महत्त्वाचे. रानातील अळंबी केवळ परंपरेने जाणणाऱ्याच्या हातूनच घ्यावी. शंका असेल तर टाकून द्यावी. चांदीचे नाणे काळे पडले नाही, किड्यांनी कुरतडली आहे किंवा खूप वेळ शिजविली, म्हणून विषारी अळंबी निर्विष होत नाही. घातक जातीच्या विषाची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसतात; मध्यंतरी उलट्या थांबून रोग्याला बरे वाटते, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असते. अशा वेळी उरलेली अळंबी बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. शिंगाडाही कच्चा असताना दातांनी सोलू नये. दूषित तलावातील सालीवर आतड्यातील चपट्या कृमींचे अंश चिकटलेले असू शकतात. तो धुऊन, उकडून, मग सोलावा.

तर वाचकहो, ही दोन अन्ने परस्परांची प्रतिस्पर्धी नाहीत. एक भाजीच्या वाटीत शोभते, दुसरे भाकरीच्या जागी बसते, आणि डाळीची जागा दोहोंपैकी कोणीही घेत नाही. इतके ध्यानात ठेवून बाजारात गेलो, तर पिशवीही योग्य भरेल आणि ताटही.