शत्रूला नाव ठेवताना

वाचकहो, सायंकाळी दिवेलागणीनंतर आपल्यापैकी अनेकांचा वेळ बातम्यांसमोर जातो. कुठे ना कुठे युद्ध चालू असते, निवेदकाचा स्वर चढलेला असतो, आणि पुढे अंथरुणावर पडल्यावर डोळा लागत नाही. झोपेच्या या तक्रारीवर औषध विचारण्यापूर्वी कानांवर काय पडते आहे, याचा थोडा विचार करावा.

पहिल्या महायुद्धातील एक प्रकरण पाहा. एप्रिल १९१७ मध्ये लंडनच्या प्रतिष्ठित वृत्तपत्रांनी छापले की, जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची प्रेते शिजवून त्यांतून चरबी काढतात. मूळ जर्मन मजकुरातील ‘काडाव्हर’ हा शब्द त्या भाषेत प्रायः मेलेल्या जनावरासाठी वापरतात. पण तशी शहानिशा कोण करणार? डिसेंबर १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी ब्रिटिश संसदेत जर्मनीचा इन्कार मान्य केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी आरंभलेल्या ज्यूंच्या संहाराच्या वार्ता आल्या, तेव्हा ही जुनी कंडी आठवून काहींनी त्या खऱ्या वार्तांवरही अविश्वास दाखवला.

त्याच महायुद्धात देवालाही रणांगणावर ओढले गेले. जर्मन सैनिकाच्या पट्ट्यावर ‘देव आमच्यासोबत आहे’ अशी अक्षरे होती, तर लंडनचे बिशप विनिंग्टन-इनग्राम हे युद्धाला पवित्र कार्य म्हणत होते. दोन्हीकडे बायबल एकच! जर्मनीचा मित्र असलेल्या तुर्कस्तानच्या सुलतानाने नोव्हेंबर १९१४ मध्ये जिहाद पुकारला, तोही ख्रिस्ती जर्मनीच्या बाजूने.

समोरचा मनुष्यच नव्हे, आणि त्याला मारणे ही ईश्वराची इच्छा, असे दोन्ही बाजूंनी पटले की सदसद्विवेकाला बोलण्यास जागाच उरत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा व सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितले होते की, दुसरा गट चुकला तर त्याला विजेचा झटका द्या. तीव्रता तुम्ही ठरवा. (झटका प्रत्यक्षात कोणालाच बसत नव्हता.) त्या गटाला कोणी ‘जनावरे’ म्हटल्याचे ज्यांच्या कानी पडले, त्यांनी अधिक तीव्र झटके निवडले. एवढा एक शब्द पुरला. रवांडात १९९४ साली रेडिओवरून तुत्सी लोकांना झुरळे म्हटले जात होते. तेथे सुमारे शंभर दिवसांत लक्षावधी माणसे मारली गेली.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना पडद्यावरील युद्ध आणि दारातील युद्ध यांतील भेद नेहमी उमगतोच असे नाही. तेव्हा रात्री दूरदर्शन संच बंद ठेवावा; वृत्तपत्र सकाळी वाचून दाखवावे, आणि त्यातही शिव्यांचे मथळे गाळावेत.

आणि आजी-आजोबांनो, नातवंडाने ‘शत्रू राक्षस असतो का?’ असे विचारले, तर त्याला १९१४ च्या नाताळची हकीकत सांगावी. फ्रान्स व बेल्जियममधील आघाडीवर काही ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर आले, त्यांनी एकमेकांना तंबाखू आणि खाऊ दिला, आपापले मृत पुरले. वरिष्ठांना हे रुचले नाही. पुढच्या वर्षी अशा भेटीगाठींना सक्त मनाई झाली.